जुन्नर प्रांतांतील चार शब्द

संस्कृतांतील अध्यात्मशब्दांचा अर्थ ठरविण्याची एक सोपी रीत अलीकडे रूढ झाली आहे. शब्दाचा धातु शोधावा, त्याला इंग्रजींत जवळचा वाटेल असा एक शब्द जोडावा, आणि तोच त्याचा 'खरा' अर्थ म्हणून सांगून मोकळें व्हावें. ह्या रीतीनें 'समाधि' म्हणजे तंद्री, 'दीक्षा' म्हणजे एखाद्या पंथांत प्रवेश, 'ब्रह्मचर्य' म्हणजे लग्न न करणें आणि 'धर्म' म्हणजे रिलिजन, असे अर्थ सुशिक्षितांच्या मनांत इतके पक्के बसले आहेत कीं, घरांतील वृद्ध बाई 'दारीं आलेल्याला कांहीं धर्म कर' असें म्हणाली, किंवा 'आळ्याला रेड्याची समाधि आहे' असें सांगूं लागली, म्हणजे तिच्या नातवाला तो शब्दाचा अपभ्रष्ट उपयोग वाटतो. शास्त्रांतील उदात्त अर्थ अडाणी लोकांनीं बिघडविला, अशी त्याची समजूत असते. आणि आजीला शब्दाचा अर्थ कळत नाहीं, असें तो मनांत ठरवून टाकतो.

प्रस्तुत लेखांत ह्या समजुतीची परीक्षा आम्ही एका लहानशा प्रदेशापुरती करून पाहणार आहों. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके सह्याद्रीला पाठ टेकून बसले आहेत. कुकडी, मीना आणि घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांत शब्दांचा इतिहास पाहण्याची जी सोय आहे, ती महाराष्ट्रांत इतरत्र क्वचितच सांपडेल. नाणेघाटांत वैदिक यज्ञांचा लेख आहे. जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत बौद्धांचीं दीडशेंहून अधिक लेणीं आणि त्यांत तीसांहून अधिक लेख आहेत. ओतूरला तुकोबांच्या गुरूंची समाधि आहे. आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधि आहे. लेण्याद्रीला जुन्या बौद्ध विहारांत गिरिजात्मज गणपति बसला आहे. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकराचें स्थान आहे. दोन हजार वर्षें तेच तेच शब्द येथें दगडावर कोरले गेले आणि लोकांच्या जिभेवरही फिरत राहिले. व्युत्पत्ति शब्दाचें कुळ सांगते. त्याचें चरित्र मात्र अशा जागींच वाचावें लागतें.

आरंभ नाणेघाटापासून करूं. कल्याणहून जुन्नरला चढणारी प्राचीन व्यापारी वाट ह्या घाटानें जाते. घाटाच्या तोंडाशीं एक लेणें खोदलें असून त्याच्या भिंतींवर सातवाहन घराण्याचा ब्राह्मी लिपींतील विस्तृत प्राकृत लेख आहे. कर्नल साइक्स ह्यांनीं १८२८ सालीं तो पाहिला व त्याकडे विद्वानांचें लक्ष गेलें. पुढें भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर प्रभृतींनीं त्याचें वाचन केलें. तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील मानतात. मागील भिंतीवर एके काळीं राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति कोरलेल्या होत्या. आतां त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें एवढेंच उरलें आहे. त्या नांवांत सिमुक सातवाहन आहे, राजा श्रीसातकर्णि आहे, आणि त्याच्याबरोबर देवी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतों ती राणी, आहे. मुख्य लेखांत आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल ह्यांस नमन असून पुढें राजसूय, अश्वमेध, गवामयन इत्यादि यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. अश्वमेध दोनदां झाल्याचें त्यांत नमूद आहे. गाई, हत्ती, घोडे, गांवें आणि कार्षापण नाणीं ह्यांचे आंकडे त्यांत इतके आहेत कीं, भारतीय अंकलिपीचा इतिहास लिहिणाऱ्यास हा लेख टाळतां येत नाहीं. एके ठिकाणीं कार्षापणांची संख्या २४,४०० दिली आहे.

आमच्या दृष्टीनें ह्या संख्यांहून अधिक मोलाचीं आहेत तीं राणीचीं विशेषणें. ही राणी नागनिकाच होय, असें बहुतेक विद्वान् मानतात. ती पुत्रवती आहे; वेदिश्री व शक्तिश्री ह्या कुमारांची माता म्हणून तिचा उल्लेख आहे. ह्याच स्त्रीला लेखांत 'गृहतापसी' म्हटलें आहे, महिना महिना उपवास करणारी म्हटलें आहे, ब्रह्मचर्य आचरलेली म्हटलें आहे, आणि दीक्षा, व्रत व यज्ञ ह्यांत निपुण म्हटलें आहे. म्हणजे तप, उपवास, ब्रह्मचर्य, दीक्षा व व्रत हे पांचही शब्द एका गृहस्थाश्रमी, लेंकुरवाळ्या राजस्त्रीला लाविले आहेत. वनांत जाणारा, संसार टाकणारा कोणी पुरुष येथें नाहीं. 'गृह' आणि 'तापसी' हे दोन शब्द लेखकानें एकाच समासांत निःसंकोचपणें बसविले. त्यांत विरोध आहे असें त्याला वाटलें नाहीं.

प्रथम 'दीक्षा' शब्द घेऊं. येथें दीक्षा म्हणजे पंथांत शिरणें नव्हे, गुरूनें कानांत मंत्र सांगणेंही नव्हे. सोमयागापूर्वीं यजमान व त्याची पत्नी ह्यांनीं कांहीं काळ विशिष्ट नियमांनीं राहावें लागे: आहार मोजका, वाणी संयमित, शय्या जमिनीवर. त्या संस्काराला व त्या अवस्थेला दीक्षा म्हणत. जो असा बसला तो दीक्षित. आपल्याकडील दीक्षित हें आडनांव त्याच यज्ञाची आठवण आहे. दीक्षा ही त्या काळीं कामापुरती होती. यज्ञ संपला, अवभृथस्नान झालें, कीं दीक्षाही संपली. आजन्म पाळावयाची दीक्षा ही कल्पना त्या शब्दांत मागाहून आली.

आतां 'ब्रह्मचर्य'. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत ब्रह्मचर्यावर एक संपूर्ण सूक्त आहे. त्यांत राजा ब्रह्मचर्यानें राष्ट्राचें रक्षण करतो असें सांगितलें आहे, आणि कन्या ब्रह्मचर्यानेंच तरुण पति मिळविते असेंही सांगितलें आहे. अविवाहित राहणें एवढाच जर ह्या शब्दाचा अर्थ असता, तर ह्या दुसऱ्या विधानाला कांहीं अर्थच उरला नसता. ब्रह्म म्हणजे वेद. त्याच्यासाठीं जी चर्या, जें वागणें, तें ब्रह्मचर्य. विद्यार्थिदशेशीं त्याचा संबंध आला तो ह्यामुळें. बौद्धांनीं हाच शब्द घेऊन भिक्षूच्या समग्र शुद्ध जीवनाला लाविला. पतंजलीनें त्याला पांच यमांत चौथें स्थान दिलें, आणि तेथें इंद्रियसंयम हा अर्थ मुख्य झाला. मराठींत तो आणखी आकुंचित होऊन ज्याचें लग्न झालें नाहीं तो ब्रह्मचारी, इतका उरला. नागनिकेचा लेख ह्या आकुंचनाच्या आधींचा साक्षीदार आहे. दोन पुत्रांची माता ब्रह्मचर्य आचरते, ह्याचें आश्चर्य आपल्याला वाटतें, त्या लेखकाला वाटलें नाहीं. कारण त्याच्या दृष्टीनें तो शब्द नियमाचा होता, लग्नाच्या नोंदीचा नव्हता.

नाणेघाटाहून ओतूर फार दूर नाहीं. परंतु दीक्षा शब्दाच्या चरित्रांत ह्या दोन ठिकाणांमध्यें सोळा-सतरा शतकांचें अंतर आहे. ओतूर येथें मांडवी नदीच्या कांठीं, कपर्दिकेश्वराच्या देवळापाशीं, केशव चैतन्य ऊर्फ बाबाजी चैतन्य ह्यांची समाधि आहे. केशव आणि बाबाजी हे एकच कीं दोन, ह्याविषयीं अभ्यासकांत वाद आहे; तो येथें सोडवावयाचें कारण नाहीं. तुकोबांनीं आपली गुरुपरंपरा राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी अशी सांगितली आहे, आणि उपदेश कसा झाला तेंही सांगितलें आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नांत गंगास्नानाला जातांना गुरु भेटले. त्यांनीं मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें, आणि 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला. येथें यज्ञशाळा नाहीं, दक्षिणेच्या गाई नाहींत, ऋत्विज नाहींत. दक्षिणा म्हणून जें पावशेर तूप मागितलें, तेंही द्यावयाचें स्वप्नांत राहूनच गेलें. नाणेघाटच्या यादींतील हजारों गाई व कार्षापण एका बाजूस, आणि हें न दिलेलें पावशेर तूप दुसऱ्या बाजूस, असें मांडून पाहिलें म्हणजे एका शब्दानें किती वाट चालली हें ध्यानांत येतें.

हा फरक कोणामुळें झाला? देहूच्या एका कुणबी वाण्याला, ज्याला वैदिक यज्ञाचा अधिकारच नव्हता, गुरूच्या अनुग्रहाची आस लागली म्हणून झाला. ज्याला यज्ञांत यजमान म्हणून बसतां येत नाहीं त्यानें दीक्षा कोठें घ्यावी? स्वप्नांत. तेथें अधिकार विचारणारा कोणी नसतो. पुढें बहिणाबाईंनीं, ब्राह्मण घरच्या विवाहित स्त्रीनें, तुकोबांना गुरु केलें, आणि त्यांनाही उपदेश स्वप्नांतच झाला. शब्दाचा अर्थ हळूहळू 'बिघडत' गेला असें म्हणण्यापेक्षां, तो घेणारे नवे आले आणि त्यांच्या मापानें अर्थ पुन्हां बेतला गेला, असें म्हणणें अधिक खरें होईल. हाच क्रम आपल्या काळांतही चालू राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखों अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रसंगाला लोकांनीं नांव दिलें धम्मदीक्षा. यज्ञमंडपांतील यजमानाचा शब्द, ज्यांना गांवच्या देवळाच्या पायरीवरही येऊं दिलें जात नव्हतें त्यांनीं उचलला, आणि त्यांत प्रतिज्ञेचा व स्वाभिमानाचा नवा अर्थ भरला. आज महाराष्ट्रांत दीक्षा म्हटल्याबरोबर अनेकांना दीक्षाभूमि आठवते. तेव्हां तो अर्थ गौण म्हणून बाजूस सारतां यावयाचा नाहीं.

तिसरा शब्द 'धर्म'. ह्यासाठीं जुन्नरच्या लेण्यांकडे वळूं. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्रि, तुळजा अशा डोंगरांच्या अंगांत हीं लेणीं आहेत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं येथील लेखांचें वाचन १८८१ सालीं प्रसिद्ध केलें. हे लेख बहुतेक दोन-तीन ओळींचे आहेत. काव्य नाहीं, तत्त्वचर्चा नाहीं. कोणी, काय दिलें एवढेंच. पण देणाऱ्यांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या एका हैरण्यकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, पुत्रानें दिलें. त्याचें नांव सुलसदत्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टाकें दिलें. बांबूकाम करणारे व कांसार ह्यांच्या श्रेणींकडे धर्मादायाच्या ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें दोन टाकीं दिलीं, चित नांवाच्या यवनानें संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीला चंद नांवाच्या यवनानें लेण्याची दर्शनी बाजू करून दिली. हे यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूनें समुद्रमार्गें आलेले लोक. मानमोडीलाच महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचा लेख आहे. त्यानें टाकें व मंडप पुण्यार्थ करविला, असें त्यांत असून वर्ष ४६ दिलें आहे. शककाल धरला तर तें इ. स. १२४ च्या सुमारास येतें.

ह्या बहुतेक लेखांत दानासाठीं एकच शब्द पुन्हां पुन्हां येतो: 'देयधम', म्हणजे देयधर्म. ह्याचा अर्थ कोणी 'द्यावयाची वस्तु' असा करतात, कोणी 'दानरूप पुण्यकृत्य' असा करतात. पालि भाषेच्या दृष्टीनें पहिल्या अर्थालाही आधार आहे. परंतु अयमाच्या लेखांत देयधर्माबरोबर 'पुण्यार्थ' हा शब्दही बसला आहे, आणि व्यवहारांत ह्या दोन अर्थांची फारकत झालेली दिसत नाहीं. जें दिलें तेंच धर्म ठरलें. टाकें हा धर्म, मंडप हा धर्म, पाऊसपाण्यांत भिक्षूंना बसावयास केलेली खोली हा धर्म. आतां मराठीकडे पाहावें. दानधर्म, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, धर्मादाय आयुक्त, 'धर्म कर माय' ही दारावरची हाक: ह्या सर्वांत धर्म म्हणजे देणें. जो अर्थ नातवाला आजीचा अडाणीपणा वाटतो, तोच अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीं जुन्नरच्या धान्यव्यापाऱ्यांनीं आणि परदेशांतून आलेल्या यवनांनीं दगडावर कोरून ठेविला आहे. उलटपक्षीं, 'रिलिजन' ह्या शब्दाला पर्याय म्हणून धर्म शब्द वापरण्याची संवय इंग्रजी अमदानींत घट्ट झाली. 'तुमचा धर्म कोणता?' हा प्रश्न इरिल यवनाला विचारला असता तर त्यानें कदाचित् आपलीं दोन टाकीं दाखविलीं असतीं. आजी जुनें बोलते आणि नातू नवें बोलतो. पण आपण बोलतों तें मूळचें, असें मात्र नातवालाच वाटतें.

चौथा आणि सर्वांत बोलका शब्द 'समाधि'. संस्कृतांत सम् व आ हे उपसर्ग लागून धा धातूपासून तो झाला आहे: नीट एके ठिकाणीं ठेवणें. 'समाधान' हा त्याचा सख्खा भाऊ. शंकेचें उत्तर म्हणजे शंकासमाधान. वेदान्तांतील शमादि षट्कांत शेवटचें साधन समाधान. आणि मराठी घरांत पोटभर जेवून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतें तेंही समाधानच. बौद्धांच्या अष्टांगिक मार्गाचें शेवटचें अंग सम्यक् समाधि, आणि पतंजलीच्या अष्टांग योगाचेंही शेवटचें अंग समाधि. हा मेळ योगायोगाचा नाहीं. जुन्नरच्या विहारांत ज्या लहान लहान खोल्या आणि त्यांतील दगडी बांक दिसतात, ते ह्या शब्दाचे अगदीं जुने शेजारी आहेत. त्या जागांना लेखांत 'लेण' म्हटलें आहे. लेण म्हणजे आश्रयाची जागा. पालि ग्रंथांत निर्वाणाला जीं अनेक पर्यायनामें दिलीं आहेत त्यांत 'लेण' हेंही एक आहे.

येथेंच 'योग' शब्दाविषयीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे. योग म्हणजे जीवाशिवाचें मीलन, असें आतां सर्वत्र सांगतात. हा अर्थ परंपरेंत आहे खरा. पण पतंजलीच्या सूत्रांचा तो अर्थ नव्हे. पाणिनीय धातुपाठांत युज् धातु निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या अर्थांनीं, येतो: त्यांत एक जोडण्याचा आणि दुसरा समाधीचा. व्यासभाष्यानें आरंभींच योग म्हणजे समाधि असा अर्थ दिला, आणि वाचस्पति मिश्रांनीं येथें दुसराच युज् घ्यावा, जोडण्याचा घेऊं नये, असें स्पष्ट केलें. पतंजलीच्या जवळजवळ दोनशें सूत्रांपैकीं आसनाला तीनच सूत्रें मिळालीं आहेत; २०१५ पासून दरवर्षीं २१ जूनला जो योगदिन साजरा होतो त्याचें बहुतेक सर्व दृश्य ह्या तीन सूत्रांच्या अंगणांत मावतें. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु आसनें करणाऱ्यानें 'योगाचा मूळ अर्थ हाच' असें म्हणूं नये, इतकेंच.

समाधि शब्द ध्यानापासून थडग्यापर्यंत कसा आला? संन्याशाचें दहन करीत नाहींत, कारण त्यानें आपले अग्नि संन्यासाच्या वेळींच स्वतःमध्यें सांठविलेले असतात. त्याला बसल्या स्थितींत भूमींत ठेवतात. तो मेला असें न म्हणतां तो समाधिस्थ झाला असें म्हणतात. आणि मग जेथें तो बसला ती जागा, त्यावरचा चौथरा, पुढें त्यावरचें देऊळ, ह्या सर्वांना समाधि हेंच नांव पडलें. संस्कृतांत पुल्लिंगी असलेला हा शब्द मराठींत येतांना स्त्रीलिंगी झाला: तो समाधि नव्हे, ती समाधि. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींत ध्यान व थडगें हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. आळंदीला शके १२१८ मध्यें, म्हणजे इ. स. १२९६ सालीं, ज्ञानदेवांनीं घेतलेली समाधि ही ह्या दोन अर्थांच्या सांध्यावर उभी आहे. तें ध्यानही आहे आणि स्थानही आहे. 'संजीवन समाधि' हा मराठींतील प्रयोग हाच सांधा जपून ठेवतो. उलट तुकोबांचें १६५० सालीं सदेह वैकुंठगमन झालें अशी श्रद्धा असल्यामुळें त्यांची समाधि कोठेंच नाहीं; ज्यांना ती पाहावयाची ते ओतूरला गुरूंच्या समाधीवर येतात.

पण ह्या सर्वांहून नवल आळ्याचें. जुन्नर तालुक्यांतील ह्या गांवीं ज्या रेड्याच्या मुखांतून ज्ञानदेवांनीं पैठणास वेद वदविले, त्याची समाधि आहे. पैठणहून नेवाशाला व तेथून आळंदीकडे जातांना वाटेंत आळे येथें रेड्यानें देह ठेवला आणि भावंडांनीं त्याला समाधि दिली, अशी परंपरा आहे. चमत्कार झाला कीं नाहीं, हा इतिहासकाराचा प्रश्न वेगळा. त्याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. आमचा प्रश्न शब्दाचा आहे. रेड्यानें संन्यास घेतला नव्हता, यमनियम पाळले नव्हते, चित्तवृत्तींचा निरोध केला नव्हता. शास्त्राच्या कोणत्याही व्याख्येंत त्याची समाधि बसत नाहीं. मग लोकांनीं हा शब्द चुकून वापरला काय?

आमच्या मतें नाहीं. तो जाणून वापरला. मूळ कथा काय सांगते तें आठवावें. ज्ञानदेव व त्यांचीं भावंडें संन्याशाचीं मुलें, म्हणून त्यांस अधिकार नाहीं, असा पैठणच्या ब्रह्मवृंदाचा आक्षेप. त्यावर ज्ञानदेवांचें उत्तर असें कीं, सर्वांभूतीं आत्मा एकच आहे. ह्या रेड्यांत आणि आपणांत भेद नाहीं. म्हणजे वाद वेदाचा नव्हता, वेद कोणी म्हणावा ह्याचा होता. ज्याला वेदाचा अधिकार आहे असें स्वप्नांतही कोणी म्हणणार नाहीं असा प्राणी ह्या कथेनें निवडला. मग ज्याच्या मुखीं वेद आला त्याला मेल्यावर गाडलें, असें म्हणून चालेल काय? वेद वदणाऱ्याला जो शब्द शोभतो, तोच त्याला द्यावयास पाहिजे. आळ्याच्या लोकांनीं समाधि शब्द रेड्याला दिला, तेव्हां त्यांनीं शब्दाचा अपमान केला नाहीं. पैठणचा वाद त्यांनीं आपल्या परीनें पुढें नेला आणि निकाल दिला. कोशांत हा अर्थ एका ओळीचा आहे. त्यामागें मात्र एक सिद्धांत उभा आहे.

जुन्नरहून दक्षिणेस आंबेगांव तालुक्यांत आलें म्हणजे ह्याच विचाराला आणखी एक साक्ष मिळते, ती 'क्षेत्र' शब्दाची. आंबेगांव व खेड तालुक्यांच्या सीमेवर भीमाशंकर हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायांत शरीर हेंच क्षेत्र आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, असें सांगितलें आहे. ज्ञानदेवांनीं त्यावर विस्तारानें निरूपण केलें. आणि घोडेगांवच्या कचेरींतून जो सात-बाराचा उतारा मिळतो त्यांतही 'क्षेत्र' असतें. तेथें तें जमिनीचें माप असतें. ह्या तिहींपैकीं मूळचा कोणता? सात-बाराचा! ऋग्वेदांत क्षेत्र म्हणजे शेत, आणि त्याचा देव क्षेत्रपति. तीर्थाचा व तत्त्वज्ञानाचा अर्थ शेतावरून घेतला. शेतकऱ्यानें तो तत्त्वज्ञान्याकडून घेतला नाहीं. घोड नदीवर डिंभे येथें धरण झालें तेव्हां ज्या गांवाच्या नांवानें हा तालुका ओळखला जातो तें जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें, आणि त्याबरोबर डोंगरकपारींतील कित्येक कुटुंबांचीं क्षेत्रेंही गेलीं. गांव बुडालें, नांव तालुक्यावर राहिलें. शब्दांचेंही असेंच होतें. खालची जमीन दिसेनाशी होते, नांव वर तरंगत राहतें, आणि मागाहून येणाऱ्यांना वाटतें कीं, हें नांव असेंच कोणीं तरी ठेवलें असेल. ती बुडालेली जमीन शोधणें हेंच शब्दाच्या इतिहासाचें काम.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. लोक बोलतात तोच अर्थ प्रमाण मानला तर शास्त्राला जागा कोठें राहिली? उद्यां कोणी कांहींही म्हणेल आणि तोच अर्थ ठरेल. आमचें म्हणणें तसें नाहीं. शास्त्राची परिभाषा ही शास्त्राच्या घरांतील व्यवस्था आहे. त्या घरांत तीच चालली पाहिजे. योगसूत्रें वाचतांना समाधि पतंजलीचीच घ्यावी, रेड्याची घेऊं नये. आणि तेथें योग म्हणजे मीलन असें सांगणाऱ्याला वाचस्पति मिश्रांचा दाखला द्यावा. परंतु शास्त्राच्या घराबाहेर भाषेचें मोठें गांव आहे. त्या गांवांतील अर्थाला चूक म्हणण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: हा अर्थ किती जुना आहे? तो कोणीं प्रथम घेतला? आणि तो घेणाऱ्याला पूर्वीं तो शब्द नाकारलेला होता काय? जुन्नर प्रांतांतील चारही शब्दांना हे प्रश्न विचारून पाहिले, तेव्हां उत्तरें अशीं मिळालीं. धर्म म्हणजे देणें, हा अर्थ निदान दोन हजार वर्षांचा आहे. ब्रह्मचर्य म्हणजे केवळ अविवाहितपण, हा आपल्या पुष्कळ सुशिक्षितांनाही मान्य असलेला अर्थ मात्र उत्तरकालीन व आकुंचित आहे; तेथें नातवाला दुरुस्तीची गरज आहे. दीक्षा शब्द ज्यांना यज्ञमंडपांत जागा नव्हती त्यांनीं उचलला. समाधि शब्द तर एका मुक्या जनावरापर्यंत पोंचला, आणि तेथें पोंचल्यानें तो लहान झाला नाहीं.

घरांतील मुलांना संस्कृत शब्दांचे अर्थ आवर्जून शिकवावे. ते शिकविल्यावांचून आपलें वाङ्मय त्यांस कळणार नाहीं. परंतु धातूबरोबर जागाही दाखवावी. नाणेघाटच्या भिंतीवर 'गृहतापसी' हा शब्द अद्याप आहे. मानमोडीला अयमाचें टाकें आहे. आळ्याला रेड्याची समाधि आहे. हीं सर्व ठिकाणें एकाच तालुक्यांत असून दोन दिवसांत पाहून होतात. आणि जातांना आजीला बरोबर न्यावें. पुष्कळ शब्दांचे अर्थ तिला कोशापेक्षां अधिक ठाऊक असतात. ते ऐकून घेणारा तेवढा मिळत नाहीं.